एज ऑफ एम्पायर्स २ : माऊस की कंट्रोलर?

म्हैसूरला पटावरच्या डावांचं वेड जुनंच. तिसरे कृष्णराज वडियार स्वतः बुद्धिबळात रमायचे. आमचा पट मात्र १९९९चा, ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या व्हिडिओ गेमचा! त्याची डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ला पीसीवर आली, जानेवारी २०२३मध्ये एक्सबॉक्सवर.

कंट्रोलरवर खेळताना अन्न, लाकूड, सोनं, दगड यांत कशाला किती जोर द्यायचा ते एकदा ठरवून दिलं, की गेममधले गावकरी आपोआप कामाला लागतात. नवख्यांसाठी झकास सोय. पीसीवाले नाकं मुरडतात, मुरडोत बापडे.

लढाईत मात्र माऊसच राजा. मँगोनेल या दगडफेक्या यंत्राचा दगड सुटला की तिरंदाज क्षणात दोन बाजूंना पांगवायचे असतात. कंट्रोलरच्या स्टिकने ते जमेपर्यंत निम्मे गारद. २०२२च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारातले द्रविड घेऊन त्यांचे उरुमी तलवारवाले घुसवायचे असतील, तर एक्सबॉक्सलाच कीबोर्ड-माऊस जोडा. चालतो.