तुमच्या विचारावर हुशार होणारा शत्रू

१९८१ साली ख्रिस क्रॉफर्ड यांनी अटारी संगणकासाठी ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ हा युद्धखेळ रचला. जर्मन सैन्य तुमचे, रशियन संगणकाचे. तुकड्या म्हणजे नकाशावरची साधी चिन्हे! पण गंमत पाहा. अमेरिकेत पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखले जाई. दोन चित्रांमधल्या निमिषात संगणक तुमच्या आज्ञा टिपून घेई आणि उरलेला सारा वेळ स्वतःची चाल सुधारीत बसे. म्हणजे तुम्ही जितका अधिक विचार कराल, तितका शत्रूही हुशार! आजच्या खेळांत धूर, चिखल, रणगाडे हुबेहूब दिसतात; संगणकाची स्मृतीही लाखो पटींनी वाढली. तरीही कित्येक खेळांत आपली चाल संपली, की संगणकाची वाट पाहावी लागते. मला तर अशा वेळी तो जुना शत्रूच अधिक तल्लख वाटतो.