शतावरीचे नाव लाभलेले औषध

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यांत शतावरी नावाची काटेरी वेल आढळते. तिची पाती सुईसारखी बारीक असतात आणि जमिनीखाली पांढऱ्या मुळांचा घोस असतो. हिच्याच कुळातील एका वनस्पतीचे कोवळे कोंब युरोपात भाजी म्हणून खातात. त्या भाजीस अस्पॅरॅगस म्हणतात. १८०६ मध्ये व्होक्लँ व रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या रसातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला. भाजीवरून त्याचे नाव ‘अस्पॅराजिन’ असे पडले. हा पदार्थ शरीरात प्रथिने घडविण्याच्या कामी येतो. तोच हिरावून घेऊन पुढे मुलांच्या एका भयंकर रोगाशी झुंज देता येईल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसेल.

तो रोग म्हणजे रक्ताचा तीव्र कर्करोग, ल्युकेमिया. आपले रक्त हाडांच्या आतील मज्जेत तयार होते. या रोगात अपक्व पांढऱ्या पेशी तेथे बेसुमार वाढतात. मग तांबड्या पेशींस व रक्त गोठविणाऱ्या कणिकांस जागा उरत नाही. मूल फिकट दिसू लागते, ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उमटतात, हाडे दुखतात. १९४० च्या सुमारास असे मूल बहुधा काही महिनेच जगत असे.

१९५३ मध्ये अमेरिकेतील जॉन किड या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना त्याने गिनीपिग या प्राण्याचा रक्तरस टोचला, तेव्हा त्या गाठी विरून गेल्या. घोड्याचा व सशाचा रक्तरस टोचून पाहिला; त्याने काही झाले नाही. गिनीपिगच्याच रक्तात असे काय होते? याचे उत्तर जॉन ब्रूम याने १९६१ मध्ये दिले. अस्पॅराजिनचे तुकडे करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, गिनीपिगच्या रक्तात असते, हे इटलीतील क्लेमेंटी याने १९२२ मध्येच नोंदवून ठेवले होते. ती जुनी नोंद ब्रूमच्या कामी आली. या विकरास ‘अस्पॅराजिनेज’ म्हणतात.

ते रोगास मारते कसे? शरीरातील बहुतेक निरोगी पेशी आपल्यापुरते अस्पॅराजिन स्वतः बनवितात. ल्युकेमियाच्या पुष्कळशा पेशींस ते पुरेसे बनविता येत नाही. रक्तातून वाहत येईल तेवढ्यावर त्यांची गुजराण चालते. ज्याच्या घरी चूल आहे, तो गावातील खानावळ बंद पडली तरी जेवतो. केवळ खानावळीवर जगणारा मात्र उपाशी राहतो. इंजेक्शनाने गेलेले विकर रक्तातील अस्पॅराजिन फोडून टाकते आणि रोगी पेशींची खानावळ बंद पडते.

पण गिनीपिगच्या चिमुकल्या देहातून असे किती विकर मिळणार? १९६४ मध्ये आढळून आले की, आपल्या आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूपासून मिळणारे अस्पॅराजिनेजही तेच कार्य करते. जंतू हवे तेवढे वाढविता येतात, म्हणून औषधाची अडचण दूर झाली. तथापि जंतूचे प्रथिन शरीरास परके असते. कधी अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. कधी स्वादुपिंडास सूज येते. म्हणून हे इंजेक्शन रुग्णालयातच देतात आणि नंतर काही वेळ मुलावर नजर ठेवतात. ई. कोलायचे औषध न सोसल्यास वनस्पती सडविणाऱ्या एर्विनिया या जंतूपासून काढलेले विकर देता येते.

एकट्या अस्पॅराजिनेजने रोग मुळासकट जात नाही. त्याच्या जोडीस इतर औषधे लागतात. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन हे अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. मेथोट्रेक्सेट ज्या औषधमालिकेतील आहे, तिच्या निर्मितीत भीमवरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. मात्र शतावरीची मुळे खाऊन वा सदाफुलीची पाने चघळून हा रोग बरा होत नाही. सदाफुली तर विषारी आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात हा रोग ओळखणेच कठीण असते. येथे हिवताप आहे, सिकलसेलचा आजारही आहे. ताप हिवतापातही येतो. फिकटपणा व हाडांचे दुखणे सिकलसेलमध्येही असते. त्यामुळे खरा रोग झाकला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मोलाचा ठरतो. ज्या काचेवर हिवतापाचे जंतू शोधायचे, त्याच काचेवर जाणत्या तपासनिसास विचित्र पांढऱ्या पेशींची गर्दी दिसू शकते.

पुढचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो, आणि त्यासाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय अशा ठिकाणी जावे लागते. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो. सिरोंचा वा भामरागडच्या कुटुंबास ही वाट फार लांबची. पर्लकोटा नदीच्या पुराने तर भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडला आहे. साधे अस्पॅराजिनेज रक्तात थोडेच दिवस टिकते, म्हणून उपचाराच्या त्या टप्प्यात ते दोन-तीन दिवसांआड द्यावे लागते. पुढे शास्त्रज्ञांनी त्या विकरास पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे वेष्टन जोडले. असे इंजेक्शन सुमारे दोन आठवडे काम करते, आणि तेवढ्या काळात मुलास एकदाच सुई टोचावी लागते.