पागडीची खोली आणि फुकटातला फ्लॅट

“गिरगावात पागडीची एक खोली उचलून ठेव, बिल्डिंग डेव्हलपमेंटला गेली की टॉवरमध्ये फ्लॅट फुकट!” पहिल्यांदाच घरा-जागेत पैसे गुंतवू पाहणाऱ्याला हा मंत्र रीलवाले देतात, व्हॉट्सॲपवरचे काका देतात, लालबागचा एजंट तर देतोच. माहितीचा एवढा पूर, पण पागडीत खोली विकत मिळतच नाही, हे कोणी सांगत नाही. मिळतो तो भाडेहक्क. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या, तुमच्या नावाची फक्त पावती.

तीही मालकाने करून दिली तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली हे खरं; पण कलम २६ मुळे मालकाच्या संमतीशिवाय भाडेहक्क सहसा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. या संमतीसाठी किमतीचा साधारण एक तृतीयांश मागायची पद्धत आहे. कायद्यात असा कुठलाच दर नाही, त्यामुळे घासाघीस ठरलेली.

एजंट पुढे करतो ती पावती नीट वाचा. महिन्याचं किरकोळ भाडं, वर रिपेअर सेस, आणि नाव विकणाऱ्याच्या कैलासवासी वडिलांचं! मग विकणारा कोण? “वडिलांचं मृत्युपत्र आहे” हे उत्तर चालत नाही. राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली १९९४ मध्येच सांगितलंय. वडील वारले तेव्हा त्यांच्यासोबत कोण राहत होतं, ते कायदा पाहतो. लग्नानंतर डोंबिवलीला गेलेला मुलगा त्यात बसतो का, हे पैसे मोजण्याआधी वकिलाला विचारा.

राहिला टॉवर. रिपेअर सेस भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी मुंबईच्या विकास नियमावलीत ३३(७) हा नियम आहे. त्यात १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरू धरत नाहीत. म्हणजे त्यानंतर मध्ये प्लायवूड ठोकून एका खोलीच्या दोन पावत्या केल्या असतील, तर दुसरी पावती बिनकामाची. शिवाय मालक, विकासक, ५१ टक्के रहिवासी आणि म्हाडाची एनओसी यांची मोट बांधली जाईपर्यंत वर्षं जातात. घर रिकामं करून संक्रमण शिबिरात गेलेल्यांना विचारून पाहा. “बीडीडी चाळवाल्यांना फ्लॅट मिळालाच की!” अहो, त्या चाळी सरकारच्या, प्रकल्प म्हाडाचा. तरी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडला. ठाकूरद्वारच्या खासगी चाळीला ते गणित कसं लावायचं? आणि गहाण ठेवायला मालकी नसल्यामुळे बँका पागडीवर सहसा गृहकर्जही देत नाहीत. अडकते ती तुमची स्वतःची पुंजी.

बाकीचे गैरसमज झटपट. महारेराचा नंबर म्हणजे पैशांची हमी? नाही, प्रकल्पाची नोंदणी झाली आणि कागद जाहीर झाले, एवढंच. ते वाचायचे आपणच. भाड्यातून हप्ता सुटतो? मुंबईत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के; कर्जाचं व्याज त्याच्या दुप्पट-तिप्पट. बायकोच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्यूटी माफ? माफ नाही, मुंबईतल्या सहा टक्क्यांत एक टक्का सवलत. कोटभर हाताशी नसतील तर या वाटेला जाऊच नये? २०१९ पासून आपल्या शेअर बाजारात रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणारे ट्रस्ट, आहेत. काही शे रुपयांत एक युनिट येतं, ऑफिसांच्या भाड्यातला वाटा मिळतो. भाव वरखाली होतो, पण विकताना कुणा मालकाची संमती लागत नाही.