मालमोटारीचे चाक हाती घेण्यापूर्वी

आग्र्याहून मुंबईला जाणारा महामार्ग देवासवरून इंदूरला येतो, मानपूरपाशी माळव्याचे पठार सोडतो आणि धार जिल्ह्यातील घाट उतरून खलघाटास नर्मदा ओलांडतो. खुद्द धार शहरावरून दुसरा मोठा रस्ता गुजरातेकडे, अहमदाबादला जातो. पवारांच्या या जुन्या राजधान्यांत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील मुलगा पूर्वी दरबारात, कचेरीत किंवा शाळेत नोकरीस लागे. 1948 साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो काळ संपला. पुढे धार जिल्ह्यातील पीथमपूरला मालमोटारींचे कारखाने उभे राहिले, देवासला गियर बनू लागले. तेव्हा या घरांतील एखाद्या तरुणाने चालकाचा धंदा पत्करावयाचे ठरविले, तर त्यात नवल नाही आणि कमीपणा तर मुळीच नाही.

अशा तरुणाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : “शिकायला कोणत्या ट्रान्सपोर्ट कंपनीत जावे?” आणि त्याचे उत्तर तो पगाराच्या आकड्यावरून किंवा गाडीच्या चकाकीवरून शोधतो. वास्तविक नवशिक्याने विचारावयाची गोष्ट वेगळीच आहे. मी चाकावर बसेन तेव्हा माझ्या शेजारी कोण बसेल आणि किती दिवस बसेल, हे त्याने प्रथम विचारावे. बाकीचे सारे यानंतर.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहतुकीचे वाहन चालविणाऱ्याचे वय 20 वर्षे पूर्ण असले पाहिजे. शिवाय हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष बाळगल्यावाचून अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. तरुणांना हे वर्ष फुकट गेल्यासारखे वाटते, परंतु ते सत्कारणी लावता येते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने असा निर्णय दिला की, ज्या वाहनाचे मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंत आहे, ते हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. म्हणजे वयाची अट पुरी झालेल्या मुलाला हे वर्ष लहान मालगाडीवर काढता येईल. बाजारपेठेतील अरुंद गल्ली, मागे घेऊन गोदामाला लावावयाची गाडी, बिल्टी आणि मालाची मोजदाद यांची ओळख तेथेच होते.

त्यानंतर शिक्षणाची पायरी. नियमांप्रमाणे जड वाहनाचे शिक्षण किमान 30 दिवसांचे असून त्यात प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे निदान 15 तास भरले पाहिजेत. 2021 पासून सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आली. तेथील जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा आहे. परवान्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र लागतेच. पण 15 तास म्हणजे देवास ते मुंबई या एका खेपेइतकाही वेळ नव्हे. शाळा अक्षरओळख करून देते, वाचन शिकवावयाचे ते कंपनीनेच. म्हणून कंपनीची निवड महत्त्वाची.

इंदूर-देवास भागात ‘ट्रान्सपोर्ट कंपनी’ अशी पाटी पुष्कळ दुकानांवर दिसते. त्यांतील कित्येकांची स्वतःची एकही गाडी नसते. माल नोंदवून घ्यावा, बाजारातून भाड्याची गाडी लावून द्यावी आणि आपली दलाली घ्यावी, हा त्यांचा व्यवसाय. तो प्रामाणिक आहे, पण तेथे चालक घडत नाही. तेव्हा “स्वतःच्या गाड्या किती?” हा प्रश्न दारातच विचारावा. दुसरा वर्ग एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. येथे मालक स्वतः जुना चालक असेल तर त्याच्यासारखा गुरू मिळणे कठीण, पण कर्जाचे हप्ते डोक्यावर असल्याने गाडी उभी ठेवून शिकविण्याची सवड त्याला क्वचितच असते. तिसरा वर्ग ठरलेल्या कारखान्यांचा माल ठरलेल्या मार्गांवर नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा. पगार सुरुवातीस थोडा असला, तरी मार्ग ओळखीचे होतात, गाडीची देखभाल वेळेवर होते आणि जुना चालक सोबत देणे अशा कंपनीला परवडते. तिने तो खरोखर दिला पाहिजे, एवढेच.

आता क्लीनरच्या वाटेविषयी. आपल्याकडील बहुतेक चालक याच वाटेने आले आहेत. उस्तादाच्या हाताखाली गाडी धुवावी, चाके तपासावी, ताडपत्री बांधावी आणि पाहून पाहून शिकावे, ही जुनी रीत आहे. गाडीचे अंग जितके क्लीनरला कळते तितके शाळेत कळत नाही, हे खरेच. परंतु हिच्यात एक मोठा धोका दडला आहे. मध्यरात्री सरळ रस्ता लागतो, उस्तादाचे डोळे मिटू लागतात आणि तो म्हणतो, “घे रे, थोडा वेळ तू चालव.” मुलाला तो मान वाटतो. पण परवाना नसताना अपघात झाला तर खटला त्याच्यावर होतो, विमा कंपनी भरपाईचा बोजा मालकावर टाकू शकते, आणि ज्याचा प्राण गेला त्याच्या घरची हानी तर कोणीच भरून देत नाही. शिकाऊ परवाना असला तरी शेजारी परवानाधारक शिक्षक जागा पाहिजे. मागच्या बाकावर झोपलेला उस्ताद म्हणजे शिक्षक नव्हे. ज्या कंपनीत असे चालते, ती पहिल्याच दिवशी सोडावी.

कंपनीची पारख करावयाची दुसरी जागा म्हणजे घाट. धार जिल्ह्यातील गणपती घाटात उतारावर ब्रेक निकामी होऊन फार अपघात झाले. अखेर 2024 मध्ये उतरणाऱ्या वाहनांसाठी वळसा घालून नवा रस्ता सुरू करावा लागला. रस्ता सुधारला तरी शास्त्र तेच राहते. एकूण 25 टन वजनाची गाडी 100 मीटर खाली येते तेव्हा तिचा वेग वाढू न देता केवळ ब्रेकने आवरावयाचे म्हटले, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे 70 लिटर साधे पाणी उकळू लागेल. ती उष्णता सोसून ब्रेकचे अस्तर तापते आणि त्याची पकड सुटते. म्हणून जाणता चालक उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर टाकतो, इंजिनालाच गाडी आवरू देतो आणि ब्रेक राखून ठेवतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा मात्र हे इंजिनाचे साह्य गमावून बसतो. कंपनीतील जुन्या चालकांना सहज विचारावे, “घाट कोणत्या गियरमध्ये उतरता?” मालक डिझेलच्या बचतीवर बक्षीस देतो की गाडी शाबूत परत आणण्यावर, हे त्या एका उत्तरात कळून येते.

राहिला वेळेचा आणि पैशाचा हिशेब. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला साधारणपणे दिवसास 8 आणि आठवड्यास 48 तासांची मर्यादा घातली, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे, पण माणसाच्या डोळ्यांची मर्यादा बदललेली नाही. म्हणून पगार किती, रोजचा भत्ता किती, खेप किती तासांत पुरी करावयाची, आणि जादा माल भरल्याचा दंड कोण सोसणार, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. हा दंड किरकोळ नाही. 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे तो 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये इतका आहे. मूळ परवाना मालकाकडे ठेवू नये, आणि सुरुवातीलाच मोठी उचल घेऊ नये. उचल फिटेपर्यंत वाईट गाडीलाही नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता येणे हेच नव्या चालकाचे खरे संरक्षण आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलगा या धंद्यात जातो म्हणून खंत करण्यापेक्षा त्याच्याबरोबर एक दिवस कंपनीत जावे. गाड्यांचे टायर पाहावेत, दोन चालकांशी बोलावे, आणि पहिले सहा महिने मुलाच्या शेजारी कोण बसणार त्या माणसाला भेटावे. त्याचे नाव कंपनीला सांगता आले नाही, तर पगार कितीही मोठा असो, तेथून परत फिरावे.