धान्याची पोती असलेल्या घरात कुपोषण कसं?

"घरात धान्याला कमी नाही, मग आमचं पोर कुपोषित कसं?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीला कमी आहेत. ही सगळी काही उपाशी राहणारी मुलं नाहीत.

खरं तर शेतकऱ्याला पोषण शिकवावं लागत नाही. पान पिवळं पडलं की पिकाला काय कमी पडतंय, हे तो ओळखतो. नुसत्या युरियावर पीक हिरवंगार दिसतं, पण दाणा भरेलच असं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. मुलाचंही तसंच आहे. भाकरी-भाताने पोट भरतं, पण वाढीसाठी डाळ, अंडी, दूध, पालेभाजी लागते. बऱ्याच घरांत दूध डेअरीला जातं, अंडी बाजारात जातात आणि मुलाच्या हातात चहा-बिस्कीट येतं.

काही समज तपासून पाहू.

"पहिलं दूध बाळाला पचत नाही." वासराला चीक पाजलाच पाहिजे, हे गोठ्यात सगळे मानतात. आईचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे तोच चीक. त्यात रोगांशी लढण्याची ताकद असते. ते पिळून टाकू नये.

"गरोदरपणी जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं." आई कमी जेवली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. तिला एरवीपेक्षा जास्तच अन्न लागतं, आणि पेरणी-खुरपणीच्या दिवसांत विश्रांतीही.

"दात आल्याशिवाय खायला द्यायचं नाही." सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतर दुधासोबत मऊ वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेलं अंडं. दातांची वाट पाहू नये.

"आमच्या घराण्यातच सगळे बुटके." कधी कधी खरं असेल; पण पिढ्यान् पिढ्या आई आणि बाळ दोघांचीही आबाळ झाली, तरी घराणं बुटकंच दिसतं. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ नंतर भरून काढणं फार अवघड असतं. त्याचा परिणाम पुढे शिकण्यावरही होतो.

"नजर लागली." दृष्ट काढा हवं तर, पण वजनही करा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. दोन्ही पावलांवर सूज असेल तर तिला बाळसं समजू नका. लगेच दवाखाना गाठा.

शिक्षकांनी पालकांना "तुम्हाला कळत नाही" असं म्हणू नये. त्यांना एवढंच विचारावं: बाजारात न्यायच्या आधी आज एक अंडं, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे घरच्या पोरासाठी काढून ठेवले का? आणि अंगणवाडीत या महिन्याचं वजन झालं का?