स्थौल्यचिकित्सेत व्यायाम आणि आहारमात्रा

साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणारे आणि सांगलीत कृष्णाकाठी फिरणारे अनेक स्थूल रुग्ण ‘व्यायाम करूनही वजन का उतरत नाही?’ असे विचारतात. सुमारे 70 किलो वजनाची व्यक्ती तासभर जलद चालल्यास साधारण 300 उष्मांक खर्च होतात; परतताना खाल्लेले 60 ग्रॅम भडंग ते जवळपास भरून काढते.

तथापि, उपाशी राहणे हा उपाय नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21व्या अध्यायानुसार मेदाने मार्ग रोधल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो. म्हणून स्थूलास भूक अनावर होते व ती मारल्यास उपद्रव संभवतात. यासाठीच गुरु परंतु अतर्पण आहार सांगितला आहे. त्याच अध्यायातील जूर्णाह्व (ज्वारी), मूग व कुलत्थ (हुलगे) ही धान्ये आपल्या भागात घरोघरी आहेत.

मात्रा ठरविताना वाग्भटोक्त विभाग ध्यानी घ्यावा : जठराचे दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. तीन भाकरी खाणाऱ्याने दोन खाव्यात. सोबत पालेभाजी, मुगाचे कढण व ताक घ्यावे. व्यायाम अर्धशक्तीने करून क्रमाने वाढवावा.

आठवड्यास अर्धा किलो घट पुरेशी मानावी. चक्कर वा ग्लानी आल्यास आहार वाढवावा. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांचा आहार मात्र त्यांच्या चिकित्सकांशी विचारविनिमय केल्याशिवाय कमी करू नये. रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचा धोका असतो.