हिमोग्लोबिनचा आकडा आणि त्यामागचे कारण

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनचा आकडा उतरलेला दिसला की घराघरांतून बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या यांची तजवीज तत्काळ सुरू होते. तो का उतरला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार दर डेसिलिटर रक्तात पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमहून आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमहून कमी असल्यास तो रक्तक्षय होय. परंतु एवढ्याने केवळ फिर्याद दाखल होते, निकाल लागत नाही, कारण लोहाचा अथवा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तस्राव, मूत्रपिंडाचे विकार, आनुवंशिक दोष अशा कितीतरी भिन्न कारणांचे ते लक्षण असते.

म्हणून अहवालातील पुढच्या ओळीही वाचाव्यात. तेथे 'एमसीव्ही' म्हणून जो आकडा असतो तो तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान सांगतो. ८० ते १०० ही त्याची सामान्य मर्यादा. समजा, एखाद्या तरुणीचे हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही अवघे ६४, पण तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख, म्हणजे नेहमीहून अधिकच आहे. अशा वेळी लोहाभाव गृहीत न धरता थॅलेसेमिया या आनुवंशिक दोषाच्या वाहकत्वाचा संशय घ्यावा आणि हिमोग्लोबिन ए-टू मोजून त्याची शहानिशा करावी. लोहाचा अभाव नसेल तर महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही तिचा आकडा हलणार नाही; उलट जोडीदारही वाहक निघाल्यास प्रत्येक अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारांत एक असते, ही खरी मोलाची माहिती अज्ञातच राहील.

रक्तक्षय म्हणजे लोहाचाच अभाव, या समजुतीला मुंबईतच फार पूर्वी छेद गेला आहे. १९२८ साली येथे आलेल्या ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने गिरणी-कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांचा जो रक्तक्षय अभ्यासला, त्यात पेशी लहान नव्हे तर मोठ्या होत्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होई. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य फोलेट हे जीवनसत्त्व होते, हे पुढे सिद्ध झाले.

हिमोग्लोबिन ठीक म्हणजे लोहही पुरेसे, हेही खरे नाही. शरीरातील साठा आधी आटतो, आकडा मागाहून उतरतो. हा साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो, मात्र अंगात ताप वा दाह असताना फेरिटिन चढलेले असल्याने फसगत होऊ शकते. आणखी एक गैरसमज बिटाचा: त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे. तपासणीने अशक्तपणा येतो ही भीतीही निराधार आहे: जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त जाते, प्रौढाच्या देहात सुमारे पाच लिटर असते.

गोळ्या आवश्यक ठरल्याच, तर आकडा सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी त्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. परंतु उतारवयातील पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाभाव आढळला, तर प्रथम जठर-आतड्यांतून रक्त झिरपते आहे काय, याचा दुर्बिणीने तपास व्हावा, असा आग्रह डॉक्टरांकडे अवश्य धरावा. कारण आतड्यातील अर्बुद अंगात असतानाही गोळ्यांनी आकडा वर चढतो.